अण्णांच्या पाळण्याची चाल

आधीच सांगते, मी या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी "माझ्या मावशीला ना, त्या वळणावर एक बाई दिसली..." असं सुरू केलं की मी मुद्दाम विचारते — किती अंतरावरून? चष्मा होता का डोळ्यावर? त्यामुळे माझ्यासमोर असले विषय आता कुणी काढत नाही. एक तर मी रत्नागिरीत हायस्कूलला गणित शिकवते. दुसरं म्हणजे आमचं घर बौद्ध, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. नवस नाही, गाऱ्हाणं नाही, अंगात येणं नाही, दृष्ट काढणं नाही. लहानपणी एकदा मी वाडीतल्या चिंचेवरच्या भुताला घाबरले, तर अण्णांनी — म्हणजे माझ्या वडिलांनी — मला हाताला धरून त्या चिंचेखाली नेलं आणि म्हणाले, "हां, आता बोलव त्याला. मला पण बघायचाय." कोणी आलं नाही. आम्ही ओटीभर चिंचा घेऊन घरी आलो.

हे असं सगळं असताना गेल्या एप्रिलपासून माझ्याकडे एक कागद आहे, आणि त्याचं काय करावं ते मला कळत नाहीये. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. कुणी दिसलं नाही, कुणी हाक मारली नाही. उलट जे झालं ते फार चांगलं झालं... फक्त ते होणं शक्य नव्हतं. तुमच्यात कुणाला उत्तर सापडलं तर जरूर कळवा. अगदी मनापासून म्हणतेय.

आमचं गाव पूर्णगडजवळ, खाडीला लागून. अण्णा बांधकाम खात्यात मैलकामगार होते. म्हणजे रस्त्याचा एक तुकडा सांभाळायचा, खड्डे भरायचे, गटारं मोकळी करायची. मुंबईच्या पुढे कधी गेले नाहीत. पण सुट्टीच्या दिवशी हाच माणूस वाडीच्या गायन पार्टीचा कवी, गायक आणि पेटीवाला. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाचं लग्न असो, अण्णांची पार्टी ठरलेली. आणि वाडीत कुणाकडे बारसं असलं की अण्णा त्या बाळासाठी नवीन पाळणा लिहायचे. एकाचा पाळणा दुसऱ्याला म्हणायचा नाही, हा त्यांचा नियम. "जुनं झबलं चालतं, जुना पाळणा नाय," असं म्हणायचे. म्हणजे प्रत्येक पाळणा आयुष्यात एकदाच म्हटला जायचा.

आता, गायन पार्टीची वही तुम्ही कधी पाहिली असेल तर तुम्हाला माहीत असेल. गाणं सुरू होण्याआधी वरती एक ओळ असते — "चाल :" आणि पुढे कुठल्यातरी सिनेमातल्या गाण्याची किंवा जुन्या लोकगीताची पहिली ओळ. स्वरलिपी वगैरे आमच्याकडे कुणाला येत होती? ती एक ओळ वाचली की पेटीवाल्याला, ढोलकीवाल्याला, कोरसला, सगळ्यांना कळायचं की शब्द कुठल्या चालीवर बसवायचे. शब्द आपले, चाल जगाची. अशा अण्णांच्या सात वह्या होत्या.

इथेच मी माती खाल्ली.

अण्णा गेले तेव्हा मी नोकरीत नवीन होते आणि शहाणपण अंगात मावत नव्हतं. पहिल्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे वर्षाच्या स्मृतिदिनाला, त्यांच्या गाण्यांची पुस्तिका काढायची असं मी ठरवलं. साती वह्या रत्नागिरीत आणल्या, छापखान्यात टाइप करून घेतल्या. प्रूफ हातात आलं आणि मला ते वाचताना लाजच वाटली. खाली बुद्धाच्या करुणेवर गाणं, आणि वर लिहिलंय "चाल :" नि पुढे कुठल्यातरी नाचगाण्याची ओळ! शाळेतले सहकारी वाचणार, हेडसर वाचणार... मी लाल पेन घेतलं आणि सगळ्या चाली काढून टाकल्या. एकूणएक. पुस्तिका देखणी झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. आयने — माझ्या आईने, आम्ही तिला आय म्हणतो — ती हातात घेतली, उलटसुलट केली. आयला वाचता येतं. पानं चाळून ती एवढंच म्हणाली, "गाणी हायत, पण गायची कशी गो?" मी म्हटलं, तू जुन्या काळातली, तुला नाही कळायचं. वह्या गावी परत गेल्या, ट्रंकेत ठेवल्या, आणि दोन-तीन वर्षांत वाळवीने साती वह्यांचा भुगा केला.

त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. मी विसरलेही होते. मग या वर्षी धाकट्या भावाला, मिलिंदला, मुलगी झाली. लग्नानंतर अकरा वर्षांनी. मिलिंद डोंबिवलीला असतो, पण बारसं गावच्या घरीच करायचं असं आयने फर्मावलं. आणि मला फोन करून म्हणाली, "तुझ्या बारशाचा पाळणा म्हणायचा हिच्या बारशाला."

मी म्हटलं, "अगं, अण्णांचा नियम काय? एकाचा पाळणा दुसऱ्याला नाही."

"नियम माझ्या घोवाचा होता, तो मी मोडीन. तू मध्ये पडू नको," आय म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "तू झालीस तेव्हा लोका येऊन बोलायची — असू दे हो, पहिली बेटी धनाची पेटी. ता बोलणा कसा होता? घरात कोण गेल्यासारखा! मी कोपऱ्यात तोंड लपवून बसलेली. तर तुझे अण्णा उठले, पेटी घेतलीनी, आणि तो पाळणा म्हटलानी. सगळी चिडीचूप. त्या दिवशी मला वाटला, मी कायतरी चांगला केलाय." थोडं थांबून ती म्हणाली, "परवा मिलिंदाला पण कोणतरी तसाच बोलला. म्हणून मला तोच पाळणा ऐकायचाय. कान आहेत तवर एकदा ऐकव गो बाय."

कान आहेत तवर — हे ती उगाच म्हणत नव्हती. आयचा डावा कान गेली चार वर्षं बंद आहे. उजव्याला मशीन लावलंय, पण शिरेचाच दोष आहे, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हाही हळूहळू जाणार, कदाचित वर्षसुद्धा काढणार नाही. आणि तिला ऐकायची होती ती एकच गोष्ट मी माझ्या लाल पेनाने पुसून टाकली होती. शब्द पुस्तिकेत होते :

खाडीच्या पलीकडे कोण उभं गं
लेक माझी पहिली उजेड गं ती
बाप हाक देतो गं, होडी थांबव
नाव तिचं करुणा, हलवा झुला

नुसत्या शब्दांचं काय करू? चाल कुठून आणू? आयला विचारलं तर म्हणाली, "मला म्हणता येत नाय, पण ऐकली की ओळखीन. आणि दुसरी लावलीस तर ती पण ओळखीन, फसवू नको." वर्गात समीकरण मांडताना मध्येच डोळे भरून यायला लागले.

पार्टीतले एकटे गंगारामकाका उरलेत, अण्णांचे ढोलकीवाले. ऐंशी पार केलीय, पण बोटं अजून टेबलावर वाजत असतात. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी तडक गावी गेले, त्यांच्या ओटीवर जाऊन बसले.

"जयभीम काका. माझ्या बारशाचा पाळणा आठवतो?"

"जयभीम बाय. चाल नाय आठवत गो," काका म्हणाले. "पण बोटांना ठेका आठवतोय." त्यांनी मांडीवर वाजवून दाखवला. "आणि एक आठवतंय. तिसऱ्या ओळीला 'होडी थांबव' झाला की हात उचलायचा. एक मात्रा सगळा बंद. पेटी बंद, ढोलकी बंद, टाळ बंद. अण्णा तेवढ्यात पाळण्यात बघायचा. मग परत सुरू."

"चाल कुठल्या गाण्याची होती?"

"रेडिओवर ऐकली बोलायचा. रस्त्यावर काम असला की दुपारच्या भाकरीला झाडाखाली ट्रान्झिस्टर लावायचा ना तो. कुठची तरी परकी भाषा. त्याला पण म्हाईत नव्हती कुठची. कानाला लागला तसा लिवलानी वहीत. मी बोललो, अरे मला ऐकव तरी मूळ गाणा. तर बोलला, परत लागला की ऐकवतो." काका हसले. "ता काय परत लागला नाय."

म्हणजे वहीत ती ओळ होती. आणि वही वाळवीच्या पोटात.

आता थोडं माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं. मैत्री एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजला आहे, आणि तिला एका जपानी कार्टूनचं वेड आहे. आजचं नव्हे, पार बालवाडीपासूनचं. तुमच्या घरातही मुलं असतील तर कदाचित आठवेल — एक पाणमांजर, आपल्या खाडीत असतं तसलंच, डोक्यावर टोपी घालून छोट्या होडीतून बेटाबेटांवर पत्रं वाटत फिरतं. ती मालिका तिकडे तेवीस-चोवीस वर्षं चालू आहे म्हणे, अजून संपलेली नाही. आमच्याकडे ती हिंदीत यायची, दुपारी चार वाजता. आमची नाचणे रोडची बिल्डिंग म्हणजे चारच्या ठोक्याला सहा घरांतून एकाच वेळी तेच शीर्षकगीत! जिन्यात खेळणारी पोरं चपला टाकून जे घर उघडं दिसेल त्यात घुसायची. गाणं चुकलं म्हणजे सगळा एपिसोड बुडाला असा त्यांचा हिशेब. मैत्री तर गाणं चालू असताना टीव्हीसमोर उभी राहायची, राष्ट्रगीताला राहावं तशी.

दहावीला मी केबल तोडायचं ठरवलं तेव्हा ही दोन दिवस रडली. म्हणाली, "कार्टून नको बघू देऊस, पण गाणं तरी ऐकू दे." शेवटी तह झाला. केबल राहिली. रोज चार वाजता टीव्ही लावायचा, दीड मिनिटाचं शीर्षकगीत ऐकायचं आणि बंद करायचा. वर्षभर तिने हे इमानाने पाळलं. त्यामुळे गोष्टीत पुढे काय झालं ते तिला माहीत नसायचं, पण गाणी मात्र काळजावर कोरली गेली. दर एक-दोन वर्षांनी ते लोक नवीन शीर्षकगीत करतात. पुढे मोबाइल आला तशी ती मूळ जपानी गाणी ऐकायला लागली. भांडी घासताना पाचवं, कपडे वाळत घालताना अकरावं... आणि माझं आपलं ठरलेलं वाक्य — "मैत्री, बंद कर ते चिंगचांग." हो, असंच म्हणायचे मी. आता वाईट वाटतं.

तर गावाहून आल्यानंतरचा रविवार. सकाळचे अकरा वाजले असतील. मैत्री मोरीत बसून बांगडे साफ करत होती आणि मी स्टुलावर चढून माळ्यावरच्या फायली काढत होते. म्हटलं पुस्तिकेच्या वेळचं काही बाड मिळतंय का बघू. आणि मिळालं! छापखान्याचं पहिलं प्रूफ, त्यांच्या शिक्क्यासकट, माझ्या लाल खुणांसकट. चाली काढून टाकण्याआधीचं! मी स्टुलावर उभ्याउभ्याच पानं उलटली. सगळ्या चाली होत्या. प्रत्येकीवर आडवी लाल रेघ. सत्तेचाळिसाव्या पानावर माझा पाळणा. वर छापलेलं होतं —

चाल : नामी नो मुको नी दारे गा इरू

त्यावर लाल रेघ, आणि समासात माझ्याच अक्षरात : "हे काय? — काढणे."

माझा सगळा उत्साह तिथेच ओसरला. ओळ मिळाली, पण ही कसली ओळ? मी हजेरी घ्यावी तशी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. "ना-मी-नो... मु-को-नी... दा-रे-गा... इ-रू."

मोरीतला नळ बंद झाला. मैत्री सुरी हातात तशीच घेऊन दारात आली.

"आई, हे तू कधी पाठ केलंस?"

"पाठ कुठे? वाचतेय. अण्णांच्या—"

"अठरावं आहे हे!" ती म्हणाली. "माझं सगळ्यात आवडतं!" आणि तिने गायला सुरुवात केली. हाताला माशाचा वास, डोळे मिटलेले. ती ओळ, तिच्या पुढची, तिच्या पुढची. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती थांबली. एक मात्रा. मग चौथी ओळ म्हटली.

मी स्टुलावरून खाली उतरले आणि जमिनीवरच बसले. गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार... मी बोटांवर अक्षरं मोजायला लागले. खा-डी-च्या-प-ली-क-डे, सात. को-ण-उ-भं-गं, पाच. सात आणि पाच, चारी ओळी. मी पुस्तिका मैत्रीच्या पुढे धरली. तिने तीच चाल धरून अण्णांचे शब्द म्हटले. शब्द असे बसले की कुठे ओढायला नको, कुठे दाबायला नको. 'होडी थांबव'ला ती आपोआप थांबली. ठेक्याचं, थांबण्याचं मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. काकांशी काय बोलणं झालं ते तिला माहीतच नव्हतं.

"आई, आजोबांना हे गाणं कसं माहीत?" तिने विचारलं. "हे दोन वर्षांपूर्वी आलंय."

मी प्रुफावरचा छापखान्याचा शिक्का तिच्यापुढे धरला. मांजराने मोरीतला एक बांगडा पळवला, तेही आम्हाला नंतर कळलं.

मग तिने मोबाइलवर मूळ गाणं लावलं. पहिलीच ओळ ती. त्या ओळीचा अर्थ मी विचारला. मैत्री म्हणाली, "लाटांच्या पलीकडे कोण आहे." अण्णांनी लिहिलंय, खाडीच्या पलीकडे कोण उभं. मी स्वतःला लगेच बजावलं — करुणा, आपल्याकडे पाळण्यात खाडी येणारच, दुसरं आहे काय आपल्याकडे? पण मग चित्र पाहिलं. तिसरी ओळ संपते तिथे ते पाणमांजर वल्हं उचलतं, होडी थांबते, ते मागे वळून बघतं. एक मात्रा. होडी थांबव! माझ्या अंगावर काटा आला आणि मला त्याचा रागही आला, कारण मला काटाबिटा येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्रीला घेऊन काकांकडे गेले. काकांना काही सांगितलं नाही. मैत्रीने नुसती चाल गुणगुणली, शब्द नाहीत. दुसऱ्या ओळीला काकांची बोटं मांडीवर सुरू झाली, तिसरीच्या शेवटी त्यांनी हात वर उचलला. चौथीनंतर मैत्री थांबली तर काका म्हणाले, "थांबलीस का? आता वर जाते ना ती!" आणि भरड्या आवाजात त्यांनी पुढचा तुकडा आळवला, वर चढत जाणारा. मैत्री म्हणाली, नाही, गाणं एवढंच आहे. मग तिलाच आठवलं की टीव्हीवर दीड मिनिटाचंच लावतात, पूर्ण गाणं वेगळं असतं. तिने ते कधी ऐकलं नव्हतं. तिथेच ओटीवर शोधून लावलं... टीव्हीवर लागतं तेवढं संपलं आणि चाल वर चढली. काकांनी म्हटली तशीच. काका मोबाइलकडे बघून म्हणाले, "बघ, लागला ना शेवटी परत! मला ऐकवतो बोललेला." आणि त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले.

बारसं मेच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. मिलिंदच्या बायकोला मोठंसं काहीतरी नाव ठेवायचं होतं, पण आय अडून बसली, "तीन अक्षरीच पायजे, नायतर पाळण्यात बसणार नाय." समता ठरलं. सकाळी दहाची वेळ, जांभ्याच्या चिऱ्यांच्या अंगणात मांडव, त्रिशरण-पंचशील झालं, बाळाला पाळण्यात घातलं. आयची खुर्ची पाळण्याला लावून, उजवा कान मैत्रीकडे. कानात मशीन. आम्ही आयला काहीएक सांगितलं नव्हतं. चाल मिळाली की नाही हेसुद्धा नाही. मला खात्री करून घ्यायची होती. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती की ती मान हलवून 'नाय गो, ही नाय' म्हणेल.

काकांनी ढोलकी घेतली. मैत्रीने सुरू केलं. मी बाळाकडे बघत नव्हते, मैत्रीकडे बघत नव्हते, फक्त आयच्या तोंडाकडे बघत होते. पहिली ओळ झाली, आय तशीच. दुसरी झाली, तिने डोळे बारीक केले. तिसरी... "होडी थांबव." काकांचा हात वर. मैत्री थांबली. त्या एका मात्रेच्या शांततेत आय खुर्चीतून पुढे वाकली आणि तिने पाळण्यात डोकावून बघितलं.

मग चौथी ओळ सुरू झाली आणि तिने माझं मनगट धरलं. "हाच. हाच गो तो." चांगलं जोरात बोलली, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशी, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "अण्णांनी असाच म्हटलेला. परत म्हणायला सांग तिला."

मैत्रीने तीन वेळा म्हटला. मी भर मांडवात हुंदके देऊन रडले, माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. मी म्हटलं, "आय, मला माफ कर. मीच चाली काढून टाकल्या होत्या गं." पण मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. तिला काही ऐकू गेलं नाही. ती पाळण्याची दोरी ओढत होती आणि हसत होती.

आता तुम्ही म्हणाल, काहीतरी कारण असणारच. मीही तेच म्हणते! मी सोडलेलं नाहीये. आमचे संगीताचे सर म्हणाले, बाई, जपानी गाणी बऱ्याचदा पाच स्वरांची, आपल्या भूप रागासारखी. चाली जुळू शकतात. मान्य. आणि सात-पाच अक्षरांच्या ओळी तिकडे नेहमीच्याच आहेत, असं मैत्री सांगते. तेही मान्य. पण ओळ? ओळ कशी जुळेल? विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, तुमच्या आईला ऐकायचंच होतं म्हणून तिने ओळखलं, आणि म्हाताऱ्या ढोलकीवाल्याचं काय मनावर घेता. ठीक आहे, आयला आणि काकांना बाजूला ठेवू. मैत्रीने घरात दोन वर्षं ते गाणं म्हटलं असेल, माझ्या कानावर पडलं असेल, माझी आठवण गढूळ झाली असेल. तेही घ्या. पण कागदाला कुठे कान असतात? छापखान्याचा शिक्का, पिवळी पडलेली पानं, माझं लाल पेन... मैत्रीच्या जन्माच्या आधीचं आहे ते सगळं.

अण्णांनी रेडिओवर एखादं जुनं जपानी गाणं ऐकलं असेल आणि हल्लीच्या लोकांनी तेच पुन्हा वापरलं असेल, हे मला सगळ्यात पटण्यासारखं वाटलं होतं. मैत्रीने त्या मालिकेच्या चाहत्यांच्या एका गटावर विचारलं. तिकडच्या एका गृहस्थांनी फार आस्थेने शोधाशोध करून कळवलं की गाणं नवीनच आहे. शब्द आणि चाल दोन्ही एका तिशीतल्या बाईंची. जुनं असं काही सापडत नाही. त्या बाईंना आम्ही ईमेल पाठवलाय, पानाचा फोटो जोडून. अजून उत्तर नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिलं नसतं, वेडे समजले असते आम्हाला.

दिवाळीच्या सुमारास आयचा उजवा कानही गेला. आता मशीन लावलं तरी काही नाही. आम्ही पाटीवर लिहून तिच्याशी बोलतो. त्या पाटीवरच मी एकदा सगळं लिहिलं, चाली मीच काढल्या होत्या म्हणून. तिने वाचलं, पाटी पुसली आणि म्हणाली, "म्हाईत हाय मला. पुस्तक हातात घेतला त्याच दिवशी कळला. पण तू एवढ्या हौसेने केलेलास, काय बोलणार?" एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली.

मिलिंद समताला घेऊन आला की आय पाळण्याची दोरी धरून बसते. ती गुणगुणत नाही, ओठही हलत नाहीत. पण दोरी ओढता ओढता मध्येच तिचा हात थांबतो, ती वाकून पाळण्यात बघते आणि परत ओढायला लागते. मी घड्याळ लावून बघितलंय. बरोबर तिसऱ्या ओळीनंतर.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढतेय, सगळ्या चालींसकट. परवा त्याच जुन्या प्रुफावर बसले होते, प्रत्येक चालीच्या लाल रेघेवर "ठेवणे" असं लिहीत. सत्तेचाळिसावं पान आलं. समासात माझंच वीस वर्षांपूर्वीचं ठसकेबाज अक्षर — "हे काय? — काढणे." मी पेन घेतलं आणि "काढणे" तेवढं खोडलं. "हे काय?" तसंच ठेवलंय.